गिझरमधली स्वस्त चिप

त्या माणसाचं नाव मी विचारलं नाही, विचारणारही नाही. मेटगळ्ळीहून सुटणाऱ्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर, त्याच्या कंपनीच्या गिझरमध्ये बसवायच्या मायक्रोकंट्रोलर चिपच्या किमती ताडून बघायचा. महाग दिसली की ‘च्यक्’ करून ती ओळच उडवायचा.

एकदा त्यानं, चालता चालता अडकली, म्हणजे हँग झाली, तर आपोआप पुन्हा सुरू होणारी चिप उडवली. का, तर दुसरी दोन रुपयांनी स्वस्त!

"अहो, ही स्वस्तातली अडकली तर गिझर तापतच राहील!"

"परवागिल्ला सार, काही बिघडत नाही, क्वचितच अडकते."

माझं डोकं फिरलं. "तुमच्या घरी लावाल हा गिझर?"

"छे हो!" तो मनापासून हसला. "आमच्याकडे लहान मुलं आहेत."

मी त्याच्या शेजारून उठलो आणि हिनकलच्या माझ्या स्टॉपपर्यंत उभ्यानंच गेलो.