रंगमास्तर गेले तेव्हाचे शेअर

"दादांना बाजारातले काही कळत नव्हते. रंगमास्तर गिरणी सोडून गेल्याचे त्यांना समजलेच नाही. म्हणून शेअर विकायचे राहिले, आणि निव्वळ नशिबाने माधवनगरचे घर उभे राहिले."

घराण्याच्या स्मरणिकेत माझ्या पुतण्याने हे छापले आहे. दादा म्हणजे माझे वडील. पुतण्याचा तेव्हा जन्म व्हायचा होता. मी कॉलेजात होतो.

मध्यभारत मोडून नवे राज्य होत होते. कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या. त्यातच उज्जैनच्या आमच्या कापडगिरणीचे रंगखाते सांभाळणाऱ्या रंगमास्तरांना मुंबईच्या गिरणीने उचलल्याची बातमी फुटली आणि शेअरचा भाव कोसळला. घरासाठी राखलेले सारे दादांनी त्याच शेअरांत घातले होते. टावर चौकात दलालाने त्यांना गाठले.

"दादासाब, गिरणीत आता उरलंय काय? भिंती आणि भोंगा. शेअर निकाल दो."

"रंगखात्यात कधी पाऊल टाकलंय तुम्ही?"

"मी कागद विकतो, दादासाब, कापड नाही."

"मग कापडाचं मला राहू द्या," म्हणून दादा पुढे चालू लागले.

दादा त्याच गिरणीत कापड तपासनीस होते. रंगमास्तरांचा दंडक त्यांनी वर्षानुवर्षे पाहिला होता: आज ज्याने लाल रंग कालवला, त्याने उद्या त्याला हात लावायचा नाही. उद्या दुसऱ्याने कालवायचा, दोन्ही तुकडे अंगणात उन्हात धरायचे, आणि फरक दिसला तर दोघांनी मिळून पुन्हा बसायचे. अखेर अशी वेळ आली की कोणता तुकडा कोणाचा, हे दादांच्या नजरेलाही ओळखू येईना. सगळी विद्या एका डोक्यात आहे असे समजून बाजार भ्याला. त्या थोर माणसाने ती केव्हाच सबंध खात्याच्या हातांत उतरवली होती. गिरणीच्या ताळेबंदात यंत्रे होती, इमारती होत्या. हे हात कुठेच नव्हते. दादांनी मात्र ते हिशेबात धरले होते, आणि एकही शेअर विकला नाही.

लाल तोच राहिला. भाव सावरला, घर झाले.

पुतण्या याला अजाणतेपणा म्हणतो. मास्तर ज्या सकाळी निघाले, त्या सकाळी उज्जैनच्या फलाटावर त्यांच्या ट्रंकेची एक कडी दादांच्या हातात होती आणि दुसरी माझ्या.