चाळिशी कुणाला झाली?

विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षांत ताडकळसच्या आठवडी बाजारात एक चष्मेवाला बसायचा. जवळचं बघायचा चष्मा चाळिशीत लागतो, म्हणून त्या चष्म्यालाच सगळे चाळिशी म्हणायचे. आणि म्हणूनच बायका त्याच्याकडं फिरकायच्या नाहीत. तो मात्र कधी वय विचारायचा नाही. नुसता सुईदोरा हातात द्यायचा.

आईला दोरा ओवता येईना. तरी म्हणाली, "मला कुठं चाळीस झाली?"

"तुमाला न्हाई माय, डोळ्यांला झाली. इतक्या गोधड्या त्यांनीच शिवल्या ना!"

आई हसली. चष्मा लावून तिनं दोरा ओवला, मग कितीतरी वेळ स्वतःचे तळहात बघत राहिली.

मला चाळिशी लागली तेव्हा दुकानातल्या पोरीनं आधी वयच विचारलं. मी म्हणालो, "सुईदोरा आहे का, बाई?"