बांधावरचा उडीद

मीनाक्षीचा फोन आला तेव्हा मी पापनाशमच्या माझ्या खत-औषधांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी कीटकनाशकाच्या भावावरून वाद घालत होतो. "काका, अप्पा गेले," ती म्हणाली. शेतातून आले, पाय धुतले, ओसरीवर टेकले... आणि उठलेच नाहीत. मी बाटली गिऱ्हाइकाच्याच भावात देऊन टाकली. असे दुकानात पहिल्यांदाच घडले.

मीनाक्षीचे वडील गोविंदअण्णा माझे थोरले चुलत भाऊ. तिरुवैयारूजवळ आमची शेते शेजारी, मध्ये एकच बांध. त्यांचे वडिलोपार्जित, माझे मी खतांची पोती पाठीवर वाहून मिळवलेले. माझ्या दुकानातून त्यांनी चिमूटभर युरिया कधी नेला नाही. शेण आणि कडुनिंबाच्या पाल्यावर त्यांचा भात उभा. माझे पीक जास्त येई आणि ते मी त्यांना दरवर्षी ऐकवी. "येतं ना," ते म्हणत, "मी कुठं नाही म्हणतो?" अशा माणसाशी भांडावे तरी कसे?

बांधावर ते उडीद लावत. त्यात कोळी राहतात, ते भातात उतरून किडे खातात, असे त्यांचे म्हणणे. एका वर्षी भाताच्या मुख्य, सांबा हंगामात लोंबी अजून पोटरीत असताना दोन्ही शेतांत तपकिरी तुडतुडे दिसले. मी फवारले, पुन्हा फवारले. पंपवाल्याच्या पायात येतो म्हणून माझ्या बाजूचा उडीदही कापला. अण्णा मात्र रोज सकाळी पाण्यात उतरत, रोपांचा झुपका, एकेक चूड, वाकवून थापटत आणि बुंध्याशी डोळे लावून मोजत.

"काय मोजताय? पीक मरतंय," मी बांधावरून ओरडलो.

"कोळी. आज चुडाला दोन आहेत. थांबू."

"कोळ्यांच्या भरवशावर शेती? लोक हसतील."

"तू हसतोयसच की. आणखी चार हसले म्हणून काय झालं."

काही दिवसांत माझ्या भातात करपलेली वर्तुळे उमटली. आधी ताटाएवढी, मग गाडीच्या चाकाएवढी, मग एकमेकांत मिसळलेली. माझ्या औषधाने कोळी आधी मेले होते, तुडतुड्यांची अंडी पानांच्या आवरणात शाबूत होती. करपणे बांधाशी येऊन थांबले. पलीकडे सगळे हिरवे. वर्षाचे पीक पणाला लागलेले असताना हा माणूस हात बांधून थांबला होता. मी आयुष्यात कशासाठीच थांबलो नव्हतो.

अण्णा आले, पाहिले, आणि काही बोलले नाहीत. तो राग अजून गेलेला नाही. त्यांनी एक टोमणा मारला असता, तर मी दोन मारून मोकळा झालो असतो... त्यांचे शेत मी तीनदा विकत मागितले. तिन्ही वेळा उत्तर एकच, "तू फवारशील."

तेराव्यानंतर मीनाक्षी म्हणाली, "शेत काकांनीच करावं, असं अप्पा सांगून गेलेत. बांध तेवढा आहे तसा ठेवायचा." एकच अट, आणि घासाघीस करायला समोर माणूस नाही.

परवा सकाळी त्यांच्या शेतात उतरलो. तुडतुडे होते. पंप भरून बांधावर ठेवला होता; सवय. एक चूड वाकवून थापटले आणि बुंध्याशी वाकलो. एक कोळी पाण्यावरून सरकला. पाठ भरून आली, ऊन मानेवर चढले...

दुसरा दिसेपर्यंत मी वाकूनच होतो.