ओढ्यापलीकडचा बेल

आमची चाळ मुलुंडला डोंगराच्या अगदी पायथ्याशी होती. गिरणीतली नोकरी सुटल्यावर सासऱ्यांनी लालबागची खोली विकून तिथे दोन खोल्या घेतल्या होत्या. चाळीच्या मागच्या कुंपणभिंतीला एक भगदाड होतं. त्यातून पलीकडे गेलं की राखीव जंगल. पावसाळ्यात डोंगरावरून धबधबे उतरायचे, त्यांचा आवाज रात्री स्वयंपाकघरात ऐकू यायचा. जंगलात जायला बंदी होती, पण हरतालिकेच्या सकाळी पत्री आणायला निघालेल्या बायकांना रखवालदार अडवत नसे. बिबट्या मात्र कोणाचा मुलाहिजा ठेवत नव्हता. त्या साली त्याने चाळीतली कुत्री एकेक करून उचलली होती.

मला चौथा महिना होता, आणि मी ठरवलं होतं की यंदा हरतालिकेला पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. त्याला कारण होतं. आदल्या वर्षीही मला दिवस गेले होते. हरतालिकेला अंगात ताप होता, म्हणून दुपारी मी सगळ्यांसमोर पेलाभर पाणी प्यायले. दसऱ्यानंतर पोट पडलं. शेजारच्या काकू नळावर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कडक उपास होता ना, त्यात पाणी घेतलंस. मग वाट लागणारच." सासूबाई तिथेच बादली भरत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. काकूंचं बोलणं मी महिन्याभरात विसरले असते, त्या टाकून बोलणाऱ्याच होत्या. पण सासूबाईंचं ते गप्प राहणं माझ्या डोक्यातून जाईना. त्यांनी स्वतः लग्नापासून एकाही हरतालिकेला पाणी घेतलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी उपास करू नको म्हणून बजावलं होतं. आमचे हे पहिल्या पाळीला जाताना दारातून परत एकदा सांगून गेले. सासूबाई तेवढं म्हणाल्या, "तुका झेपात तर कर." मला तो टोमणा वाटला. मी वेणी घातली, पिशवी उचलली आणि त्यांच्या पुढे निघाले.

आम्ही तिघी होतो. सासूबाईंच्या हातात पिंडीसाठी वाळू आणायला पत्र्याचा डबा, काकूंकडे विळा आणि माझ्याकडे पिशवी. आघाडा, दूर्वा, रुई, तेरडा सगळं वाटेतच मिळालं, ओढ्याकाठी वाळूही भरून झाली. बेलाचं झाड मात्र ओढ्यापलीकडे होतं, धबधब्याच्या खालच्या अंगाला. पाणी घोट्याएवढं होतं.

"रवांदे तो बेल," सासूबाई म्हणाल्या. "बाजारात मिळता."

"महादेवाला बाजारातला कशाला? मी आणते," मी म्हटलं आणि दगडांवरून पलीकडे गेले. बेल मला हवा होताच, पण त्याहून जास्त हवं होतं ते त्यांना दाखवणं की यंदा माझ्यात काही उणं नाही. माझा स्वभाव तसा होता. अजूनही फारसा बदललेला नाही.

पानं खुडताना धबधब्याचा आवाज बदलला. आमच्यावर ऊन होतं, पण वर डोंगरात कुठेतरी जोरदार पाऊस पडला असणार. "अगं ए, पाणी बघ, लाल झालंय," काकू ओरडल्या. मी वळले तेव्हा पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि त्यात पालापाचोळा, काटक्या गरगरत येत होत्या. मी पहिल्या दगडावर पाय ठेवला. पुढचा दगड माझ्या डोळ्यांदेखत पाण्याखाली गेला.

"माघारी फिर," सासूबाईंचा आवाज आला. इतका कडक आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी मागे सरले, कड्याला लागून एक सपाट खडक होता त्यावर जाऊन बसले. थोड्याच वेळात ज्या दगडांवरून आले होते त्यातला एकही दिसेना.

काकू म्हणाल्या, "मी तबेल्यातनं कोणाला तरी दोर घेऊन आणते," आणि धावत सुटल्या. म्हशींचा तबेला आमच्या चाळीच्याही पलीकडे होता. आता ओढ्याच्या त्या काठावर सासूबाई आणि या काठावर मी. मधलं अंतर चाळीच्या व्हरांड्याएवढं असेल, बोलायचं तर ओरडून बोलावं लागत होतं.

मी पोटावर हात ठेवून बसले. घसरले असते तर काय झालं असतं, हा विचार करायचा नाही असं ठरवलं आणि तोच करत राहिले. तेवढ्यात डोक्यावरच्या झाडांत वानरं ओरडायला लागली. साधं ओरडणं नव्हतं ते. खोकल्यासारखा आवाज, एकाने काढला की लगेच दुसऱ्याने, आणि सगळी माझ्या पाठीमागच्या झाडोऱ्याकडे बघत होती. त्या आवाजाचा अर्थ चाळीतल्या पोरांनाही ठाऊक होता.

मला मान वळवता येईना. मी सासूबाईंकडे बघितलं. त्याही माझ्या मागेच बघत होत्या.

त्यांनी डब्यातली वाळू खाली ओतली. पिंडीसाठी निवडून, धुऊन घेतलेली वाळू. मग दगड उचलून तो रिकामा डबा बडवायला सुरुवात केली आणि बडवता बडवता मोठमोठ्याने बोलायला लागल्या. काय काय बोलत होत्या. गावच्या घराचं, भातलावणीचं, मेलेल्या दिराचं, म्हशीचं. "थयच बस. हलू नको. मी हय आसंय," हे मधूनमधून. माझ्या मागे पानं सळसळली, एक फांदी मोडली. मी डोळे मिटले. मला फार भीती वाटत होती, आणि मला माझी आई हवी होती.

वानरं हळूहळू गप्प झाली. बिबट्या होता की नव्हता, देव जाणे. सासूबाईंनी डबा वाजवणं थांबवलं नाही.

मग मला गरगरायला लागलं. ऊन डोक्यावर आलं होतं, पहाटेपासून पोटात काही नव्हतं, तोंडाला कोरड पडून जीभ टाळूला चिकटत होती. कानांत घूं घूं सुरू झालं. मी खडकावर हात टेकला तर तोही हलल्यासारखा वाटला. त्या काठावरून सासूबाईंना ते दिसलं असावं.

"पाणी पी गो," त्या ओरडल्या.

माझ्या खांद्याशी कड्यातून स्वच्छ पाणी झिरपत होतं. ओंजळ धरली की भरेल एवढं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"पी म्हणतंय ना. पडशीत पाण्यात."

"नाही," मी ओरडले. ओरडताना रडायलाच आलं. "गेल्या वर्षी प्यायले होते. तुम्हाला माहीत आहे ना काय झालं. परत नाही पिणार मी."

त्यांनी डबा खाली ठेवला. मग लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून काठाशी वाकल्या, एका हाताने झाडाचं मूळ धरलं आणि दुसऱ्या हाताने त्या गढूळ, लाल पाण्याची ओंजळ भरली. पालापाचोळा फुंकून बाजूला केला आणि मला दिसेल अशा प्यायल्या. एकदा, मग परत एकदा. तोंड पदराने पुसलं.

"बघ, मी प्यालंय," त्या म्हणाल्या. "पाण्यान कोणाचा पोर जाना नाय. गेल्या वर्षी पण गेला नाय. माका तेव्हाच बोलूक होया होता. आता पी."

मी खडकाला तोंड लावून प्यायले. पोटभर प्यायले.

काकू तबेल्यातले दोन गडी आणि दोर घेऊन आल्या तोवर पाणी थोडं उतरलं होतं. त्या गड्यांनी मला मधे धरून अलीकडे आणलं. बेलाची पानं पिशवीसकट पलीकडेच राहिली. सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही की जवळ घेतलं नाही. त्यांनी मूठभर ओली वाळू डब्यात भरली आणि म्हणाल्या, "चल, उशीर झालो."

संध्याकाळी आमच्या खोलीत चाळीतल्या बायका पूजेला जमल्या. काकूंनी माझ्याकडे बघून तोंड उघडलं होतंच. त्याआधी सासूबाई म्हणाल्या, "आम्ही दोघींनी पाणी घेतला हा. कोणाक काय बोलाचा आसात तर माका बोला."

माघात मला मुलगी झाली. पुढच्या हरतालिकेला पिंड मांडून झाल्यावर सासूबाईंनी तांब्याभर पाणी आणलं, सगळ्यांसमोर आधी स्वतः प्यायल्या आणि तांब्या माझ्या हातात दिला. त्यानंतर त्या असेपर्यंत दरवर्षी हे असंच चाललं. धाकटी जाऊ नवी नवी लग्न होऊन आली तेव्हा तिने घाबरत विचारलं, आई, हरतालिकेला पाणी चालतं का. सासूबाईंनी तांब्या तिच्यापुढे सरकवला.

"आमच्यात पयल्यापासून असाच आसता," त्या म्हणाल्या.