कपाटात उरलेली पुस्तकं

भामाबाई पाटोळे चर्चमध्ये आलेली माणसं मोजत नसत. त्या न आलेली मोजत.

काचीगुड्याच्या मोठ्या तेलुगू चर्चचा मागचा हॉल दर रविवारी साडेसात ते नऊ मराठी मंडळीला मिळे. तिथल्या लोखंडी कपाटात प्रत्येकाचं स्वतःचं गीतपुस्तक असे आणि त्याला भामाबाईंनी शिवलेलं कापडी कव्हर, ज्याच्या त्याच्या घरच्या जुन्या कपड्याचं. प्रतापराव शिरसाठांच्या पुस्तकाला त्यांच्या रेल्वेच्या गणवेशाचं, पद्मावतीबाई उजागऱ्यांच्या पुस्तकाला निळ्या इरकल साडीचं. पहिलं गीत सुरू झालं की भामाबाई मागे वळून कपाटात राहिलेली पुस्तकं पाहत. ती ज्यांची, त्यांच्या घरी उपासनेनंतर जात.

नवरा गेल्यापासून बावीस वर्षं हे चाललं होतं. मूलबाळ नव्हतं. दवाखान्यातली आयाची नोकरी संपल्यावर तर रविवार हाच त्यांचा कामाचा वार झाला होता. कुणाला गोळ्या आणून दे, कुणाची सुई ओवून दे, कुणाच्या सुनेची तक्रार ऐकून ये.

शेवटचं घर पद्मावतीबाईंचं असे. त्या बरकतपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. मुलगा हर्षवर्धन बंगळूरूला. गुडघ्यांमुळे महिन्यातून एखादा रविवारच त्यांना जिना उतरणं जमे.

"आज माझं एकटीचंच राहिलं होतं का गं?" त्या विचारत.

"प्रतापरावांचंही होतं. सर्दी झालीय म्हणे."

"त्यांना रविवारीच बरी सर्दी होते."

मग दोघी चहा पीत आणि त्या दिवशीचं शेवटचं गीत म्हणत. पद्मावतीबाईंचा आवाज चांगला होता. भामाबाईंचा नव्हता, पण तिथे ऐकायला कुणी नसे.

फेब्रुवारीत चर्चच्या बोर्डाचं पत्र आलं. पुढच्या सहा रविवारांची हजेरी सरासरी चाळीसच्या खाली गेली, तर हॉल तरुणांच्या इंग्रजी उपासनेला देण्यात येईल.

मंडळीचा सेक्रेटरी अभिजीत साळवे पत्र घेऊन भामाबाईंच्या घरी आला.

"काकू, तुमचं पुस्तकांचं ठीक आहे. पण बोर्डाला डोकी लागतात."

"अरे, आपण येतोच चोवीस."

"म्हणून तर आलो. दिलसुखनगरच्या हॉस्टेलांत आपल्या नगर-जालन्याकडच्या ख्रिस्ती मुली आहेत, नोकरीवाल्या. त्यांना घेऊन या. मी गेलो तर वॉचमन फाटकातच धरेल."

भामाबाई हसल्या, पण पत्र त्यांनी दोनदा वाचलं. हॉल गेला तर मराठी उपासना गेली. म्हातारी माणसं कुठे जाणार? पद्मावतीबाईंना चाळीस वर्षांनंतरही तेलुगू प्रवचनातलं 'आमेन' तेवढं कळे.

हॉस्टेलच्या मुली भेटायच्या त्या रविवारी दुपारीच. भामाबाईंनी पद्मावतीबाईंना फोन केला.

"सहाच रविवार. मग आहेच मी."

"ये जमेल तशी. मी दार उघडं ठेवते."

मुली आल्या. आधी पाच, मग अकरा, मग आणखी. अभिजीतनं उपासनेनंतर इडलीची सोय केली होती. पुस्तकं कमी पडू लागली, तेव्हा भामाबाईंनी कपाटात उरलेली काढून दिली. तिसऱ्या रविवारी पहिलं गीत सुरू झालं, त्यांनी सवयीनं मागे पाहिलं, तर कपाट रिकामं होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. गीत संपेपर्यंत त्या रिकाम्या फळ्यांकडेच पाहत राहिल्या. त्यांना फार बरं वाटलं.

दुपारी हॉस्टेलं, संध्याकाळी सुजलेले पाय. पद्मावतीबाईंना फोन करायचा राहून जाई.

सहाव्या रविवारी अभिजीतनं उभं राहून सरासरी सांगितली, एकेचाळीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळे पांगत असताना ऋचा नावाची मुलगी पुस्तक परत द्यायला आली.

"मावशी, माझ्या पुस्तकाचं कव्हर सगळ्यांत छान आहे. इरकल आहे ना?"

भामाबाईंनी पुस्तक हातात घेतलं.

"हे किती रविवार तुझ्याकडे आहे?"

"चार. का हो?"

त्या तशाच रिक्षानं बरकतपुऱ्याला गेल्या. दुसऱ्या मजल्यावर कुलूप होतं. शेजारची बाई दार उघडून बाहेर आली.

"आप चर्चवाले हैं ना? अम्मा तो गुजर गए. पंधरा दिन पहले बाथरूम में गिर गए थे. शनवार की शाम को. हम लोगां शादी में गांव गए थे. सोमवार को दूधवाला देखा, दो दिन के पाकिटां वैसेच लटके हुए थे. दवाखाने में चार दिन रहे, बस. बेटा आके बंगलोर ले गया."

भामाबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या.

"इतवार को दरवाजा खुला रखके बैठते थे," बाई सांगत होती. "मैं बोली, अम्मा, कोई बी घुस जाता. नक्को बोले, भामा आती बोले."

शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ. मधला रविवार चौथा होता. त्या दिवशी कपाट रिकामं होतं आणि भामाबाई दिलसुखनगरला एका हॉस्टेलच्या पायरीवर बसून मुलींची वाट पाहत होत्या.

अभिजीतला हे कळलं, तेव्हा तो भामाबाईंच्या घरी आला. म्हणाला, "तुम्हाला कसं कळणार होतं, काकू? निदान हॉल तरी राहिला."

"हौ," भामाबाई म्हणाल्या. "राहिला."

पुढच्या रविवारी इडली नव्हती. सव्वीस माणसं आली. ऋचा आपणहून आली होती. तिचा हात सवयीनं निळ्या पुस्तकाकडे गेला, तेव्हा भामाबाईंनी तिला स्वतःचं दिलं आणि त्या गीतं पाठ म्हणत राहिल्या. निळं पुस्तक कपाटात राहिलं. इतर तेरांबरोबर.

उपासना संपल्यावर त्यांनी नेहमीची रिक्षा केली. एकेक घर करत गेल्या. शेवटी रिक्षावाला न विचारताच बरकतपुऱ्याच्या त्या गल्लीत वळला आणि जिन्यापाशी थांबला. भामाबाईंनी त्याला अडवलं नाही. त्या आत बसूनच वर पाहत राहिल्या. दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी नवं बिऱ्हाड आलं होतं. दार बंद होतं.

"अम्मा, उतरते नहीं?" त्यानं विचारलं.

"नक्को," त्या म्हणाल्या. "चलो."