संघरत्ना बाईंचा पहिला चौकार

गेल्या वर्षी नोव्हेंबरातल्या एका सोमवारी मी शाळेत पोचलो, तर संघरत्ना बाई फाटकाबाहेर स्कूटरवर बसलेल्या. गाडी चालू, हेल्मेट डोक्यावर, नजर समोरच्या भिंतीवर. रस्त्यावरून दापोड्याच्या गोडाऊनचे कंटेनर धूळ उडवत चालले होते.

"बाई, काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही हो, देवेश सर. दहा मिनिटं झाली, पण आत जावंसंच वाटत नाहीये."

संघरत्ना बाई म्हणजे वळ गावाजवळच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका. वय चव्वेचाळीस, नोकरी एकवीस वर्षांची. शाळेत आम्ही तिघं शिक्षक आणि एकशे अठरा मुलं. निम्म्याहून जास्त मुलांचे आईबाप गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाणारे. कुणी बिहारचं, कुणी जालन्याचं. अशा मुलाला आठवडाभरात मराठीत बोलतं करणं ही बाईंची खासियत. पण त्या दिवसांत वर्गात कमी आणि मोबाईलमध्येच त्या जास्त असायच्या. पोषण आहाराची माहिती, आधारची जुळवणी, मतदार यादीचं काम. व्हॉट्सअ‍ॅपच्या नऊ ग्रुपवर 'तात्काळ' लिहिलेले मेसेज रात्रंदिवस यायचे आणि बाई प्रत्येकाला लगेच उत्तर द्यायच्या. जेवतानाही, भाचीच्या लग्नातसुद्धा.

त्या सोमवारी त्यांनी खडू मोडला म्हणून दुसरीतल्या एका मुलीवर असा आवाज चढवला, की माझा वर्गही गप्प झाला. मधल्या सुट्टीत स्वतःच तिच्याजवळ जाऊन बसल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तिचं नावच आठवत नाहीये. मुलांची नावं न विसरणारी बाई! ऑफिसात येऊन त्यांनी कागद ओढला आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहायला घेतला.

"बीपीची गोळी चालू झाली, डॉक्टर म्हणतात आराम करा. तो कधी करू?" त्या म्हणाल्या.

अर्ज अर्धा झाला असेल, तोच दारात रुचिका उभी. ही आमचीच जुनी विद्यार्थिनी. आता एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे आणि गावातल्या बायकांच्या क्रिकेट टीमची कॅप्टनही.

"बाई, संध्याकाळी प्रॅक्टिसला शाळेचं मैदान पायजे. जानेवारीत दापोड्याला लेडीज टूर्नामेंट हाय."

"घ्या की. एक अर्ज दे फक्त."

"अर्ज देते. पण आजून एक काम हाय. आमी दहाच जणी झालोय. अकरावी तुमी या."

बाई हसल्या. महिन्याभरात पहिल्यांदाच. "अगं, मी आयुष्यात बॅट धरली नाही."

"मग काय झालं? मला तरी कुठं बाराखडी येत व्हती? तुमीच शिकवलीत ना!"

बाईंनी अर्धा अर्ज ड्रॉवरमध्ये सरकवला आणि प्रॅक्टिसची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला त्या पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधून मैदानात उतरल्या. मीही कडेला बघत उभा राहिलो. रुचिकाने एक बादली पुढे केली. "मोबाईल यात टाका. तासभर कुणी हात लावायचा न्हाय."

"माझा राहू दे गं, केंद्रप्रमुखांचा फोन येईल."

"कॅप्टन कोण हाय, बाई?"

मोबाईल बादलीत गेला. पहिली दहा मिनिटं बाईंचं लक्ष बादलीकडेच. एक सोपा कॅच त्यांच्या खांद्यावर आपटला आणि रुचिका ओरडली, "बाई, चेंडूकडं बघा, चेंडूकडं!" वीस वर्षांत त्यांना असं कुणी दटावलं नसेल. पण नंतर त्या जी पळाल्या! चेंडूमागे, चेंडूच्या पुढे, कधी उलट्याच दिशेला. घामाने चिंब झाल्या, धापा टाकत खाली बसल्या आणि वर म्हणाल्या, "अजून एक ओव्हर टाका ना."

तासाने बादलीतून मोबाईल काढला, तर मनोज सरांचे, म्हणजे आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांचे, सात मिस्ड कॉल. बाईंचा चेहरा पडला. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"अहो, ती शौचालयांची माहिती. उद्या दुपारपर्यंत दिलीत तरी चालेल," सर म्हणाले.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "सर, सात कॉल! आणि काम उद्याचं! मी इतकी वर्षं कशाला घाबरत होते हो?"

त्या आठवड्यात अर्धा अर्ज त्यांनी फाडून टाकला. ऑनलाइन कामं आम्ही तिघांनी वाटून घेतली. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर एक तास बसायचं आणि सगळी माहिती भरून टाकायची. वर्गात मोबाईल बंद. डिसेंबरमध्ये मनोज सरांनी घेतलेल्या शिक्षकांच्या बैठकीत बाई सगळ्यांदेखत उभ्या राहिल्या.

"सर, संध्याकाळी पाचनंतर आलेल्या मेसेजला मी सकाळी उत्तर देईन. मुलांचं काही असेल तर अर्ध्या रात्री फोन करा, धावत येईन. पण माहितीचे तक्ते सकाळी."

मनोज सर चिडले. "असं कसं चालेल, बाई? मला वर उत्तर द्यावं लागतं."

तेवढ्यात मागून काल्हेरकडच्या शाळेतल्या एक बाई उठल्या. "सर, मलापण सकाळीच जमेल." मग आणखी दोघं उठले. सर म्हणाले, "बरं, मी वर बोलून बघतो." पाचनंतरचे मेसेज थांबले नाहीत, पण निम्म्यावर आले.

आणि मग जानेवारी, दापोड्याचं मैदान! बांबूवर लावलेले भोंगे, माईकवर कॉमेंट्री करणारा काळूराम, खुर्च्या सासवांनी धरलेल्या आणि दोरीबाहेर आमची साठ-सत्तर मुलं. सेमीफायनल यजमानांशीच. आम्हाला शेवटच्या दोन चेंडूंत सात धावा हव्या होत्या आणि स्ट्राइकवर होत्या संघरत्ना बाई, शेवटच्या बॅटर.

"आल्या बघा शालेच्या बाई!" काळूराम गरजला. "आता कुनाचा तास घेतान बघू!"

चेंडू आला. बाईंनी डोळे मिटले का उघडे ठेवले, देव जाणे, पण बॅट फिरवली आणि टॉक असा आवाज झाला. चेंडू शॉर्ट लेगच्या फिल्डरच्या बाजूने सुसाट निघाला तो थेट दोरीबाहेर! मुलांनी जो कल्ला केला त्यात भोंगाही बुडाला. बाई बॅट तिथेच टाकून नाचायला लागल्या. रुचिका पलीकडून धावत आली. "बाई, आजून एक बॉल हाय! बॅट उचला!"

एक चेंडू, तीन धावा. बाईंनी ढकलला आणि पळाल्या. एक झाली. दुसरीला रुचिकाने हाक दिली, बाईंनी जिवाच्या आकांताने झेप घेतली, आणि थ्रो बरोबर स्टंपवर! रनआउट. एका धावेने हरलो.

मी धावत मैदानात गेलो. गुडघा सोललेला, तोंडात माती, आणि बाई उताण्या पडून खदाखदा हसत होत्या. "सर, बघितलात ना चौकार? नक्की बघितलात ना?"

आता बीपी उतरलंय. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आहे. मुलांची नावं तर हल्ली मला त्यांनाच विचारावी लागतात. आणि खरी धमाल पुढेच आहे. त्या बैठकीतल्या बाईंनी काल्हेरकडच्या शिक्षिका जमवून स्वतःची टीम काढली. नऊ जणी झाल्यात, आणि संघरत्ना बाईंना टीममध्ये बोलवायला त्या परवा आमच्या मैदानावरच आल्या.

रुचिका बॅट घेऊन मध्ये उभी राहिली. "शिक्षिका असतील, पण बाई आमच्या हायेत. सोडणार न्हाय!"

दोन्हीकडच्या बायका एकदम बोलायला लागल्या. बाई मात्र तिकडे बॉलिंगचा रनअप मोजत होत्या.