गौंटियाच्या बापाचा दगड

मी क्षमाशील बाई नाही. समता कॉलोनीतल्या शेजारणी मला शांत समजतात, कारण त्यांनी अजून माझं काही बिघडवलेलं नाही.

माझे बाबा रायपूरजवळच्या एका खेड्यात मास्तर होते. आम्ही रायपुरातच, तात्यापाऱ्यात राहायचो, ते रोज सायकलने जायचे. शाळा म्हणजे पिंपळाचा पार, पाऊस आला की सुट्टी. अर्ज करकरून थकल्यावर बाबांनी छेरछेऱ्याचा रस्ता धरला. पौष पौर्णिमेला नवं धान कोठीत आलेलं असतं, आणि पोरं "छेरछेरा" ओरडत दारोदार ते मागतात. त्या दिवशी दारी आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. मागणारा कोण, हेही बघायचं नसतं. बाबा पोरांबरोबर झोळी घेऊन गावभर फिरले, पुढच्या वर्षांत शेजारच्या गावांतही. ते धान गुढियारीच्या बाजारात विकून विटा आल्या, कौलं आली. पोती बाबा स्वतः पाठीवर घेऊन गाडीत चढवायचे.

आमच्या नातेवाइकांना हे फार झोंबलं. लग्नाकार्यात कुणी ना कुणी विचारायचंच, यंदा किती भिक्षा जमली म्हणून. आई घरी येऊन बाबांवर चिडायची.

"पोट्टी मोठी होऊन राहिली अन् तुम्ही दारोदार मागून राहिले. काहून करता हे?"

"मागूनच राहिलो ना," बाबा म्हणायचे. "चोरी तर नाही करून राहिलो?"

चोरी दुसऱ्यानेच केली. शाळेच्या उद्घाटनाला बाबांनी मला नेलं होतं. हातात बत्ताशांचं ताट घेऊन मी दारात उभी होते. वर बघते तर चौकटीवर संगमरवरी दगड, आणि त्यावर गौंटियाच्या बापाचं नाव. ही शाळा त्यांच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलाने बांधली, असं कोरलेलं. गौंटिया म्हणजे गावचा जुना मालगुजार, जमीनदारच. छेरछेऱ्याला त्याने पसाभर धान दिलं होतं, तेही तोंड वाकडं करून. बाबांनी विचारलं, हे काय? तो सगळ्यांसमोर हसला.

"मास्टर, तैं तो भीख माँगे हस. मँगइया के नाम पथरा मा नइ लिखाय."

मागणाऱ्याचं नाव दगडावर नसतं. बाबांनी माझ्या हातातलं ताट घेतलं आणि पोरांना बत्तासे वाटले. निवृत्त होईपर्यंत ते रोज त्या दगडाखालून वर्गात जात राहिले, आणि मी विषय काढला की म्हणायचे, जाऊ दे. मी जाऊ दिलं नाही.

मग राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि पुढे नवी राजधानी त्या गावाच्या शिवाराला येऊन भिडली. शेतं गेली, पुष्कळ घरं उठली, मुलं उरली नाहीत तशी शाळा बंद झाली. बाबाही तोवर गेले होते. जुन्या गौंटियाचा मुलगा, मिशीला कलप लावणारा साठीतला माणूस, त्याने शाळेला आपलं कुलूप ठोकलं आणि आत पैरा, म्हणजे भाताचा पेंढा, भरला. आता तिथे प्लॉटच्या सौद्यांचं ऑफिस काढणार म्हणे. आधी बाप, मग लेक. आयत्या बिळावर नागोबा!

हे मला बाबांच्या एका विद्यार्थिनीने सांगितलं. तिचं शेत गेलं होतं. गावच्या बायकांबरोबर ती नव्या सरकारी इमारतींत झाडलोट करायला सकाळच्या बसने जायची. मागे लहान लेकरं खोदकामाच्या मशिनींभोवती हिंडायची. बायकांना शाळेत त्यांच्यासाठी पाळणाघर हवं होतं. पंचायत म्हणाली, गौंटियाने चावी दिली तर आमची हरकत नाही. आणि गौंटिया म्हणाला, "मोर बबा के स्कूल हे." आजोबांचं नाव दारावर कोरलेलंच होतं.

"पौष पौर्णिमेपर्यंत थांब," मी तिला म्हणाले. ती हसली. तिला कळलं.

पौर्णिमेला आम्ही सगळ्या बायका लेकरं घेऊन त्याच्या दारी गेलो. पडवीत प्लॉट घेणारी शहरातली मंडळी बसली होती, हे उत्तमच झालं. आम्ही "छेरछेरा" ओरडलो. तो सुपात धान घेऊन आला. मी झोळीचं तोंड आवळलं.

"धान नको," मी म्हणाले. "स्कूल की चाबी."

त्याचा चेहरा पडला. गाव गोळा झालं होतं. आतून त्याची बायको म्हणाली, "आज के दिन नहीं झन कहव." आजच्या दिवशी नाही म्हणू नका. त्याने चावी झोळीत फेकली. त्या आवाजाने मला झालेला आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता.

पैरा काढायच्या आधी मी तो दगड काढायला लावला. मिस्त्री म्हणाला, फोडू का? मी म्हणाले, अजिबात नाही. हँडपंपाखाली बसव, अक्षरं वर. तेव्हापासून लेकरं गौंटियाच्या आजोबाच्या नावावर उभी राहून पाय धुऊ लागली. बायकांना दारावर बाबांचं नाव हवं होतं. मी नको म्हटलं. दगड निघालेला तो चौकोनी खड्डा तसाच राहू दिला.

पुढच्या छेरछेऱ्याला मी पाळणाघराच्या दारात पोरांना धान वाटत होते. पोरांच्या मागे तो उभा होता. खांद्यावर गमछा, हात रिकामे. कलप उतरला होता.

"छेरछेरा," तो हळूच म्हणाला. "बबा के पथरा."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिभेवर ‘नाही’ आलं होतं, पण ज्या रिवाजाने मी त्याला गाठलं, त्यानेच आता मला गाठलं होतं. नाही म्हटलं असतं तर बाबांची सगळी झोळी खोटी पडली असती.

"ले जाव," मी म्हणाले.

मिस्त्रीने पहार लावून दगड सुटा केला. एक बाई तो धुवायला बादली घेऊन आली, मी तिला थांबवलं. दोघे जण उचलायला पुढे झाले, त्यांनाही थांबवलं.

"माँगे हव, त बोहव घलो," मी त्याला म्हणाले. मागितलंत, तर वाहासुद्धा.

तो उकिडवा बसला. अक्षरांतला चिखल बोटाने कोरून काढला, गमछ्याची चुंबळ केली आणि दगड खांद्यावर घेतला. दर दहा पावलांवर थांबत तो निघाला. तो वळणापर्यंत पोचेतो मी बघत होते, डोळे भरून बघत होते.

बाबा असते तर धावत जाऊन त्यांनी दगडाला खांदा दिला असता. मी गेले नाही.